टीव्ही गातो, वर्ग गप्प बसतो

मॅडम,
मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर सात वर्षांपासून आहे. पहिली ते चौथी, पट ४१, आम्ही दोघं शिक्षक. माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग, १९ मुलं. मुलं घरी कोरकू बोलतात, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि वर इंग्रजी. मागच्या वर्षी एका कंपनीच्या निधीतून टीव्ही आणि पाच टॅब मिळाले. त्यांत इंग्रजी कविता आणि शब्दांचे खेळ भरून दिले आहेत. मुलं कविता तालासुरात म्हणतात, पण पेन पुढे धरून 'व्हॉट इज धिस?' विचारलं की गप्प. मराठीचंही तेच. उतारा वाचतात, अर्थ विचारला की मान खाली. तिसरीतली एक मुलगी मैदानावर कोरकूत अखंड बोलते. वर्गात वर्षभरात तिच्या तोंडून दहा वाक्यं ऐकली नसतील. प्रशिक्षणात सांगितलं होतं की इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोला, म्हणून मी वर्गात कोरकू बंद केली. पालक म्हणतात, आमच्या पोरांना इंग्रजी येऊ द्या. नेटवर्क टेकडीवर गेलं तरच मिळतं, वीज दुपारची जाते. कोणतं ॲप घ्यावं? एआयचा काही उपयोग आहे का? फेब्रुवारीत वरिष्ठांची शाळाभेट आहे. तेव्हा काय दाखवावं, तेही सांगा.
– एक शिक्षक, धारणी तालुका

सर,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तिसरीतल्या मुलीपाशी थांबले. जी मैदानावर अखंड बोलते तिला भाषेची काय कमतरता? तिची भाषा वर्गाच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवावी लागते, एवढंच. तुम्ही ॲपचं नाव विचारलंत. ते सांगेन, पण आधी एक काम करा. टॅबमध्ये भरून दिलेलं सगळं पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि त्यातलं आवाज रेकॉर्ड करायचं बटण शोधा. आजवर ते टॅब मुलांना ऐकवत आले. आता त्यांना मुलांचं ऐकायला बसवा.

हे मी अनुभवानं सांगते. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा मी कर्जत तालुक्यातल्या एका कातकरीवाडीच्या शाळेवर होते. माझं इंग्रजी बेताचं. म्हणून पगारातून टेपरेकॉर्डर घेतला, कॅसेट आणल्या आणि वर्षभरात मुलांकडून अकरा कविता पाठ करून घेतल्या. पाहुणे आले की मुलं रांगेत उभी राहायची, हावभाव करून म्हणायची, पाहुणे टाळ्या वाजवून जायचे. इंग्रजी आलं, असं मीही समजून चालले होते.

पुढच्या पावसाळ्यात चौथीतला एक मुलगा उशिरा आला. वाचनात तो सगळ्यांत मागे. रात्री बापाबरोबर मुठे धरायला गेला होता. मुठे म्हणजे शेताच्या बांधाकडेचे खेकडे. त्या दिवशी रागवायचं सोडून मी टेप पुढे केला आणि म्हटलं, सांग, कसे धरतात. तो सांगत सुटला. कंदील कुठून धरायचा म्हणजे खेकडा दिपून जागीच थांबतो, मागून पाठीवर बोट कसं दाबायचं, नांग्या कशा मोडायच्या, फडक्यात गाठ कशी मारायची. चार मिनिटं, कातकरी बोलीत, एका शब्दाला न अडखळता. मी टेप मागे घेऊन लावला. स्वतःचा आवाज ऐकून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बाकीची पोरं टेपशीच भांडायला लागली: असं नाही, कंदील खाली धरतात. त्यातली सहा वाक्यं मी त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली. पुस्तकातला धडा अक्षर-अक्षर फोडत वाचणारा तो मुलगा ती सहा वाक्यं सरळ वाचून गेला. पुढे कोणता शब्द येणार हे त्याला माहीत होतं, कारण तो शब्द त्याचाच होता.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी मुलांच्या तोंडचे शब्द कार्डांवर लिहून वाचन सुरू केलं होतं. आपल्याकडे फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांच्या घरच्या बोलीला वर्गात मानाची जागा दिली. मला हे सगळं नंतर कळलं. ते आधी कळलं असतं तर त्या अकरा कवितांवर मी वर्ष घालवलं नसतं.

आता कोरकूबद्दल. ती बंद केलीत, हे चुकलं. तुमचा हेतू चांगला होता, प्रशिक्षणात तसंच सांगितलं होतं, तरी चुकलं. ज्या मुलाला मराठी घरातून मिळालेली असते त्याला इंग्रजीच्या तासाला 'फक्त इंग्रजी' म्हटलं तर निदान बाकीचा दिवस त्याचा असतो. तुमच्या मुलांची मराठीसुद्धा शाळेतच सुरू होते. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा, संथाली आणि मुंडारीची बहीण. कुळाच्या नात्यानं पाहिलं तर मराठीला इंग्रजी जवळची पडते आणि कोरकू लांबची. तुमची मुलं रोज केवढं अंतर कापून वर्गात येतात, ते यावरून कळेल.

एक उदाहरण देते. तुमची मुलं 'मॅडम आला', 'गाय गेला' म्हणत असतील, आणि दरवेळी तुम्ही 'आली, गेली' असं दुरुस्त करत असाल. कोरकू व्याकरण नाम सजीव की निर्जीव हे बघतं. तो, ती, ते असा भेद त्या भाषेत नाही. इंग्रजीतल्या 'ही' आणि 'शी'चा घोळही तिथूनच येतो. उलट एक, दोन आणि अनेक यांसाठी कोरकूत वेगवेगळी रूपं आहेत. 'कोरो' म्हणजे माणूस, आणि 'कू' लागून झालं 'कोरकू', म्हणजे माणसं. संस्कृतातलं द्विवचन आपण मराठीत केव्हाच हरवलं, तुमच्या पोरांनी ते अजून सांभाळलंय. त्यांच्या चुकीमागे एक अख्खं व्याकरण उभं आहे हे लक्षात आलं की दुरुस्त करतानाचा आपला सूरच बदलतो. 'चुकलं' म्हणण्याऐवजी 'तुमच्याकडे असं म्हणतात, मराठीत असं म्हणतात' असं तोंडून निघतं. माझी विनंती आहे, सात वर्षं तिथे काढलीत, तर एका वहीत रोज पाच कोरकू शब्द लिहा. उच्चार मुलांना विचारा, रेकॉर्ड करा आणि त्यांच्यासमोर म्हणून दाखवा. तुम्ही चुकाल, ती हसतील, मग तुम्हाला शिकवतील. गुरुजीसुद्धा भाषा शिकताना अडखळतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलांची निम्मी भीती जाते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा सगळीकडे चर्चा पुस्तकांवरच्या क्यूआर कोडची झाली. पण पुरस्काराच्या परिचयात म्हटलं होतं की तिथल्या मुलांच्या घरी कन्नड, पुस्तकं मात्र दुसऱ्या भाषेत. गुरुजींनी पुस्तकं मुलांच्या मातृभाषेत आणली, हाही त्याच कामाचा भाग होता. नुसता कोड चिकटवला असता तर मुलांना न कळणारी गोष्ट जरा लवकर उघडली असती, बाकी काय?

प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. १९ मुलं आणि पाच टॅब, म्हणजे एका टॅबमागे चार जण, एका गटात तीन. एक सांगणारा, एक प्रश्न विचारणारी, एक टॅब धरणारा, चौथी ऐकून मोजणारी. रोज कामं बदलायची. टॅब तोंडापासून वीतभर लांब, बोट माइकच्या भोकावर नको, आणि खोलीत पाच गट एकत्र बोलले तर काहीच कळणार नाही, तेव्हा दोन गट व्हरांड्यात, एक झाडाखाली. विषय मुलांच्या हातचा द्या. मोहाची फुलं पहाटे का वेचतात? कोंबडी अंड्यावर बसली की काय करतात? घराला नवीन कुड घालताना आधी काय, मग काय? पहिलं रेकॉर्डिंग कोरकूत, दोन मिनिटांचं. मग गटानं ते ऐकायचं आणि त्यातलं काय वर्गाला सांगायचं ते ठरवायचं. सांगणं मराठीत, अडलं तिथे कोरकू शब्द तसाच. तो शब्द तुम्ही फळ्यावर देवनागरीत लिहा, बाजूला मराठी. शेवटी त्यातली दोन-तीन वाक्यं इंग्रजीत: 'वी गो अर्ली. माय मदर टेक्स अ बास्केट.' एवढी पुरेत. ही वाक्यं इंग्रजी अक्षरांतच लिहा. त्यांच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून देण्याचा मोह टाळा. ते लिहिलं की मूल खालची इंग्रजी ओळ बघतही नाही. देवनागरी वाचून मोकळं होतं.

यात वेळ जातो. पहिल्या आठवड्यात निम्मा वेळ हसण्यात आणि 'माझा आवाज असा कसा' यात जाईल, जाऊ द्या. त्या हसण्यातच मूल स्वतःचं बोलणं पहिल्यांदा ऐकत असतं. महिन्याभरात तुम्हाला दिसेल की ऐकल्यावर मुलं 'पुन्हा करू' म्हणतात आणि दुसऱ्या खेपेला वाक्यं लांबलेली असतात. आपण लाल शाईनं वर्षानुवर्षं जे करायला बघतो ते हे रेकॉर्डिंग आपोआप करून घेतं. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक रेकॉर्डिंग नाव आणि तारीख घालून जपून ठेवा. जूनमधलं आणि मार्चमधलं एकापाठोपाठ लावलं की त्या मुलाची प्रगती कानांना कळते. तेवढी कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

आता ती गोठलेली कविता. मुलांनी ती एका लांबलचक शब्दासारखी पाठ केली आहे. कुठे एक शब्द संपतो आणि दुसरा सुरू होतो, हे त्यांना ठाऊक नाही. आणि 'व्हॉट इज धिस?'ला उत्तर येत नाही याचं मला नवल वाटत नाही. पेन तुमच्या हातात, तुम्हाला दिसतो, मुलांना दिसतो. मग विचारता कशाला? माणूस असा प्रश्न एरवी कधी कोणाला विचारत नाही. मुलांना ते बरोबर कळतं, फक्त ती सांगत नाहीत. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरंच माहीत नाही असा प्रश्न द्या.

त्यासाठी टॅबचा कॅमेरा वापरा. एका गटाला बाहेर पाठवा. त्यांनी कोणत्याही वस्तूचा अगदी जवळून फोटो काढून आणायचा: बकरीचा कान, सागाच्या पानाच्या शिरा, सुपाची कड, कोणाच्या तरी टाचेची भेग. फोटो टीव्हीवर मोठा लावायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. 'इज इट अ लीफ?' 'नो.' 'इज इट अ स्टोन?' 'नो.' 'इज इट ॲन इअर?' 'येस!' मी हा खेळ एका आश्रमशाळेत घेतला तेव्हा अर्ध्या तासात 'इज इट' हे दोन शब्द मुलांच्या तोंडी इतके बसले की खिचडीच्या रांगेत ताटाकडे बोट दाखवून चाललं होतं. हे वाक्य मी पाठ करायला दिलं नव्हतं. ओळखायची घाई होती, म्हणून ते लागलं आणि लागलं म्हणून आलं. पुढच्या आठवड्यात 'व्हेअर इज', त्यापुढच्या आठवड्यात 'हू हॅज'. शब्द अडला तर मुलं कोरकूत विचारतील. तुम्ही इंग्रजी शब्द द्या आणि खेळ पुढे न्या. कवितेच्याही ओळी अशाच सुट्या करता येतील. एक शब्द काढून तिथे मुलांनी स्वतःचा घालायचा, मग ती ओळ त्यांची.

मोठ्या टीव्हीचा दुसरा चांगला उपयोग वाचनासाठी. मराठी गाणं लागलं की खाली त्याच गाण्याच्या मराठी ओळी, इंग्रजी गाणं लागलं की इंग्रजीच ओळी. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हाच विचार लावून धरला: लोक गाणी बघणारच आहेत, तर त्याच भाषेतल्या ओळी खाली द्या, ओठांवर आलेलं डोळ्यांना दिसू द्या. पाठ असलेल्या गाण्यात पुढचा शब्द मुलांना आधीच माहीत असतो, माझ्या मुठेवाल्या मुलासारखाच. त्यामुळे अडखळत वाचणाराही ओळीबरोबर धावतो. चित्रफितीत ओळी नसतील तर रात्री कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी लावा आणि मुलांपैकी एकानं छडी फिरवावी. एवढं केलं तरी चालेल.

एक गोष्ट वर्गात कधीतरी शांतपणे बोला. मराठीत जसं लिहिलं तसं बहुतेक वेळा वाचलं जातं. बाराखडी पक्की झाली की नवा शब्द वाचता येतो. इंग्रजीत २६ अक्षरांत साधारण ४४ आवाज बसवलेले आहेत, म्हणून एकच अक्षर इथे क आणि तिथे स होतं. मुलांना हे सांगितलं नाही तर दोष आपलाच आहे असं त्यांना वाटत राहतं.

ॲपची नावं. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे २०१५ पासूनचं गोष्टींचं भांडार माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाचं. एकच गोष्ट मराठीतही मिळते आणि इंग्रजीतही, चित्रं तीच. टेकडीवर जाऊन एकदा दहा-बारा गोष्टी उतरवून घेतल्या की महिनाभर नेटवर्कची गरज नाही. आधी मराठी, चार दिवसांनी तीच इंग्रजीत. अर्थ आधीच माहीत असल्यानं मुलांचं सगळं लक्ष भाषेकडे जातं. त्या गोष्टींचा परवाना खुला आहे, भाषांतर करायला मुभा आहे. तेव्हा चौथीच्या मुलांनी चित्र बघून कोरकूत सांगावं, तुम्ही देवनागरीत लिहावं, एखाद्या आजीला वाचून दाखवून तपासून घ्यावं, चित्राखाली चिकटवावं. झालं तुमच्या शाळेचं कोरकू पुस्तक.

गुगलचं वाचनाचं ॲप २०१९ मध्ये 'बोलो' नावानं आलं आणि पुढे 'रीड अलाँग' झालं. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवतं. एकट्यानं सराव करायला ते बरं आहे. मात्र तुमच्या मुलांचे उच्चार त्याला नीट ओळखता येतील याची खात्री धरू नका. मूल बरोबर वाचतंय आणि यंत्र 'चूक' म्हणतंय असं दोनदा झालं की ते मूल पुन्हा गप्प होईल, म्हणून सुरुवातीला शेजारी बसा आणि 'तू बरोबर आहेस, याला ऐकू नीट आलं नाही' असं स्पष्ट सांगा. सरकारचं 'दीक्षा' ॲप आणि पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड तुम्ही वापरत असालच. त्यातलं हवं ते आधी उतरवून ठेवा आणि तीन-चार मिनिटांपलीकडे सलग लावू नका.

एआय तुम्ही स्वतःसाठी वापरा. 'या वीस इंग्रजी शब्दांत, तिसरीच्या मुलासाठी, बाजारावर सहा सोपी वाक्यं दे' असं सांगितलं की मिनिटात मिळतात. त्यातली चार ठेवा, दोन बदला. तुमच्या इंग्रजी वाक्यात काही चुकलं का हेही त्याला विचारा. रात्री एकटं बसून संकोच न बाळगता विचारता येतं, हा खेड्यातल्या शिक्षकाला मोठाच आधार आहे. कोरकू मात्र त्याला विचारू नका. ते न अडखळता काहीतरी तयार करून देईल आणि ते कोरकू असेलच असं नाही. त्यासाठी तुमच्या गावात शे-दोनशे जाणकार आहेत. आणि मुलांची नावं, फोटो, आवाज त्यात घालू नका. तीच गोष्ट व्हॉट्सॲपच्या गटांची. वर्गात धीर करून पहिल्यांदा बोललेल्या मुलाचं रेकॉर्डिंग तालुक्याच्या गटावर फिरावं, हे मला अजिबात मान्य नाही. अहवालाला फोटो हवा असेल तर टॅब धरलेले हात पुरतात.

विजेचं काय करायचं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आवाज रेकॉर्ड करायला चित्रफितीपेक्षा बॅटरी कमी लागते, एवढं लक्षात ठेवा. टीव्हीचं काम सकाळच्या पहिल्या तासाला उरका, दुपार टॅबची.

पालकांची इंग्रजीची मागणी रास्त आहे. ती अडाणीपणाची आहे असं आपल्यापैकी काहीजण म्हणतात, त्याचा मला राग येतो. आपली मुलं इंग्रजी माध्यमात घालून दुसऱ्याच्या मुलांना मातृभाषेचं महत्त्व सांगायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पालकांना तुम्ही उलट सांगा की इंग्रजी येण्यासाठीच कोरकू वर्गात घेतोय. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं की स्थलांतरित मुलं नव्या भाषेत गप्पा मारायला वर्षा-दोन वर्षांत शिकतात, पण त्या भाषेत अभ्यासाचा मजकूर पेलायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात, आणि घरच्या भाषेत पक्का झालेला विचार नव्या भाषेत कामाला येतो. ती मुलं चारही बाजूंनी इंग्रजी ऐकत होती. तुमच्या गावात इंग्रजी बोलणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. तेव्हा घाई करून मिळणारं काही नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं, त्यामुळे कोणी हरकत घेतली तर तुमच्याकडे कागद आहे.

पालकांना पटवायला मात्र कागद नको. गृहभेटीला टॅब बरोबर न्या. मुलाचं कोरकू रेकॉर्डिंग लावा, मग त्याच विषयाची त्याची मराठी, मग तीन इंग्रजी वाक्यं. आणि निघताना आजीला म्हणा, एक गोष्ट सांगा, आम्हाला शाळेत लावायची आहे. माझ्या अनुभवात आजी आधी 'मला काय येतंय' म्हणतात, आणि अर्ध्या तासानं बॅटरी संपते. तुमच्या त्या मुलीची आजी असेल तर तिच्यापासूनच सुरू करा. मुलीला वर्गात बोलायला सांगूच नका. आजीची गोष्ट लावायची आणि विचारायचं, हे ती काय म्हणाली गं, मला नाही समजलं. तुम्हाला खरंच समजलेलं नसेल. ती सांगेल.

राहिली फेब्रुवारीची भेट. कवितेची रांग उभी करू नका. पाहुण्यांना खुर्ची द्या, पाणी द्या. मग तीन मुलांनी टॅब घेऊन पुढे यावं आणि त्यांची मुलाखत घ्यावी. प्रश्न मुलांनी आठवडाभर आधी स्वतः ठरवलेले, खरोखर जाणून घ्यायचे: 'व्हेअर इज युवर व्हिलेज?' 'डू यू हॅव अ काऊ?' पुढचा मराठीत, 'तुम्ही शाळेत मार खाल्ला होता का?' आणि शेवटी कोरकूत पाणी मागायला पाहुण्यांना शिकवायचं. पाहुणे अडखळले तर वर्गानं मिळून तो शब्द पुन्हा सांगायचा. सगळं रेकॉर्ड करायचं आणि त्यांच्यासमोरच लावून ऐकवायचं. टॅब त्या तिसरीतल्या मुलीच्या हातात द्या. बोलायची सक्ती नको, पण बटण तिनं दाबायचं आणि पाहुण्यांचा आवाज बारीक आला तर 'जोरात बोला' हे तिनंच सांगायचं, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत.